ठरावांची वही वाचताना

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र मिळालं. गावच्या जुन्या नगरपालिकेच्या १९०५ ते १९२७ च्या ठरावांच्या वह्या तुला पाहायला मिळणार, हे वाचून फार आनंद झाला. असलं दप्तर वाळवीच्या आधी माणसाच्या हाती लागणं ही साधी गोष्ट नाही. पण ‘एकेक ठराव वेचून गावाचा इतिहास लिहीन’ असं तू लिहिलं आहेस, तिथे मला तुला थांबवावंसं वाटतं. वहीत ठराव आहे म्हणून गावात काम झालं, असं धरून चालू नकोस. त्यासाठी पैसा कुठून निघाला, वरून मंजुरी आली का, आणि काम कोणाच्या गळ्यात घातलं, हे तिन्ही सापडेपर्यंत ‘नगरपालिकेने केले’ असं लिहू नकोस, ‘करायचे ठरवले’ इतकंच लिही.

आधी कायदा पक्का कर. मुंबई शहराचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने चाले. तिथे ७२ सभासदांचं कॉर्पोरेशन, १२ जणांची स्टँडिंग कमिटी आणि सरकारने नेमलेला कमिशनर अशी मांडणी होती. ती आपल्या गावाला लावायची नाही. आपल्यासारख्या गावांना १९०१ चा मुंबई डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदा लागू होता. १९२५ मध्ये मोठ्या शहरांसाठी बरो म्युनिसिपालिटीचा वेगळा कायदा आला, म्हणून त्या सुमाराला वहीतली नावं आणि कलमांचे आकडे बदललेले दिसले तर गोंधळू नकोस. डिस्ट्रिक्ट म्युनिसिपालिटीत काही सभासद निवडून आलेले, काही सरकारनियुक्त, आणि डोक्यावर कलेक्टर. कलेक्टरला ठरावाची अंमलबजावणी थांबवता येत असे. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या ठरावानंतर दोन-तीन सभा पुढे जाऊन ‘कलेक्टरसाहेबांचे पत्र वाचण्यात आले’ असं काही येतं का ते बघायचं.

वहीचं पान बहुधा एकाच साच्याचं असतं. वर तारीख आणि हजर सभासदांची नावं, मग मागच्या सभेचं प्रोसिडिंग कायम केल्याची नोंद, मग विषय. प्रत्येक विषयाखाली सूचक, अनुमोदक, आणि शेवटी ‘सर्वानुमते’ किंवा ‘बहुमताने’. हजेरी आधी मोज. कोरम नसला की सभा तहकूब होई आणि तोच विषय पुढच्या सभेत पुन्हा येई. घाईत वाचणारा तो दोन ठराव म्हणून मोजतो. ‘दप्तरी दाखल’ हे शब्द दिसले की समज, अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. ‘कमिटीकडे पाठवावे’ असेल तर मॅनेजिंग कमिटीची वही वेगळी असते, ती मागून घे. निम्मी उत्तरं तिथेच असतात. आणि नुकताच झालेला ठराव फिरवायचा असेल तर हजर असलेल्यांचं साधं बहुमत पुरत नसे, एकूण सभासदांच्या निम्म्यांचा पाठिंबा लागे. म्हणून फिरवाफिरवीच्या सभेला एरवी न दिसणारी नावं हजेरीत दिसतात.

विरोधी मताची नोंद कधी गाळू नकोस. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीसाठी तिथल्या नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुले यांचं एकट्याचं मत विरोधात पडलं. ते मत नोंदलं गेलं, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे.

आता रोजच्या बाबी. दिवाबत्तीपासून सुरुवात कर, कारण तिथे हिशेब तपासणं सोपं आहे. रस्त्यावर रॉकेलचे कंदील, ते लावायला शिडी घेऊन फिरणारा माणूस, आणि तेल-वाती-काचांचा मक्ता. खर्च वाचवायला चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, अशी रीत ठिकठिकाणी होती. असा ठराव सापडला की त्या वर्षाचं पंचांग शेजारी उघडून ठेव. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवे लागायला हवेत ते त्यानंतर. वद्य पंचमीला तो रात्री दहाच्या आसपास उगवतो, म्हणजे दिवे हवेत ते दिवेलागणीपासून दहापर्यंत. कागदावर हे चोख बसतं. पण आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असतं. पंचांग म्हणतं चांदणं आहे आणि पेठेत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही! त्यामुळे पावसाळ्यातल्या अर्जांकडे नीट बघ. ‘दिवे लागत नाहीत’ या तक्रारीत प्रत्येक वेळी मक्तेदाराचा दोष असेलच असं नाही, नियमच तसा असू शकतो. आणि ‘दिवे अंधुक’ अशी तक्रार असेल तर कारण बहुधा वातीत. वात तिरपी कापली गेली की ज्योत एका बाजूला चढते, काच काजळते, आणि तेल तेवढंच जळूनही उजेड निम्मा पडतो. काचा रोज पुसायच्या की एक दिवसाआड, एवढ्यावरून मक्त्याच्या अटींत वाद झालेला दिसला तर तो क्षुल्लक समजू नकोस. रात्री सुईण बोलवायला निघालेल्या माणसासाठी तो उजेड होता.

रस्त्याच्या ठरावात ‘ब्रास’ हा शब्द शोध. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ठरावात ‘३०० फूट लांब, १२ फूट रुंद, ४ इंच खडी’ असं असेल, तर ३०० गुणिले १२ भागिले ३, म्हणजे १,२०० घनफूट, १२ ब्रास खडी लागते. मग वर्षअखेरच्या हिशेबात किती ब्रासचं बिल फेडलं ते बघ. पाचच ब्रासचं बिल असेल तर एक तर रस्ता अर्ध्यात राहिला, नाहीतर थर पातळ पडला. काम कोणत्या महिन्यात झालं हेही लिहून घे. खडी अंथरायची, आधी कोरडीच दाबायची, तीही कडेकडून मध्याकडे, म्हणजे दगड बाहेर सरकत नाहीत. मग पाणी मारत पुन्हा दाबायची, आणि दगड एकमेकांत अडकल्यावरच वर मुरूम टाकायचा. दाबायला बैलांनी ओढायचा दगडी रूळ. वैशाखात काम काढलं तर पाणी मिळत नाही. मग घाईने आधीच मुरूम टाकतात, तो दगडांच्या फटीत जाऊन बसतो, दगड एकमेकांत अडकतच नाहीत, आणि पहिल्या वळवात सगळी खडी वर येते. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याचा ठराव पुन्हा दिसला तर लगेच पैसे खाल्ल्याचा निष्कर्ष काढू नकोस, आधी महिना बघ.

पैशाची बाब थोडी सावकाश सांगतो, कारण चूक इथेच होते. कर बसवणं हे एका सभेचं काम नव्हतं. सर्वसाधारण सभेने आधी कर निवडायचा: घरपट्टी, जकात, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, कुत्र्यांवरचा कर, यात्रेच्या गावी यात्रेकरूंवरचा कर. तो कोणावर आणि किती दराने, हे ठरावात यायला हवं. मग नियमांचा मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांनी पंधरा दिवसांत लेखी हरकती द्यायच्या, त्यांवर विचार करून सगळे कागद आपल्या अभिप्रायासह वर पाठवायचे. मंजुरी आली की पुन्हा नोटीस, आणि त्यानंतरच वसुली. म्हणजे १९१० च्या ठरावातला कर प्रत्यक्ष वसूल व्हायला १९११ किंवा १९१२ उजाडणं नवलाचं नाही. पाणीपट्टीचा ठराव वाचून ‘१९१० मध्ये गावाला नळ आला’ असं लिहिलंस तर फसशील. हरकतींचे अर्ज दप्तरात असतील तर त्यांना ठरावापेक्षा जास्त वेळ दे. कोणत्या आळीत विहिरी होत्या आणि कोणाला त्यांवर पाणी भरू देत नव्हते, हे तुला तिथेच कळेल.

जकातीत एक फसवा आकडा असतो. जकात घ्यायची ती गावात वापरायला, खपवायला किंवा विकायला येणाऱ्या मालावर. नुसता गावावरून पुढे जाणारा माल आला तर एका नाक्यावर रक्कम भरून पावती घ्यायची आणि माल बाहेर पडल्यावर परतावा मागायचा. त्यामुळे जमेच्या बाजूला दिसणारी जकात फुगलेली असते. खर्चात परताव्याची रक्कम शोध, ती वजा कर, आणि उरेल तेच गावाचं उत्पन्न धर. व्यापारपेठेच्या गावात हे न केल्यास ‘नगरपालिका श्रीमंत होती’ असं चुकीचं चित्र उभं राहतं. परतावा वाढत गेला असेल तर माल गावातून पुढे जास्त जात होता. परतावा आणि जकात दोन्ही घटली असतील तर बाजार हद्दीबाहेर सरकला का ते बघ. जकात नाक्याच्या पलीकडे वखार थाटणं हा तेव्हाचाही उपाय होता.

आता सफाई. हे सगळ्यांत मन लावून वाच. तेव्हाचे संडास टोपलीचे. मैला माणसाने उचलायचा, गाडीत भरायचा, गावाबाहेरच्या डेपोवर न्यायचा. त्यासाठी घरमालकांकडून वेगळी पट्टी घेत, तिला बऱ्याच ठिकाणी हलालखोर पट्टी म्हणत. जातीवरून पडलेलं ते नाव सरकारी हिशेबाच्या सदरात बिनदिक्कत छापलं जाई. डेपोवर उथळ वाफे करून राखेचा थर, त्यावर मैला, पुन्हा राख, असं पसरून उन्हात वाळवत आणि सोनखत म्हणून विकत. पुण्याच्या सोनखताला मुठा कालव्याकाठच्या ऊसवाल्यांकडून चांगली मागणी होती. पावसाळ्यात वाफे वाळत नाहीत, गाड्या चिखलात रुततात, आणि मग ‘डेपो हलवावा’ असे अर्ज येतात. तुझ्या वहीत सोनखताच्या लिलावाची रक्कम जमेला सापडेल. तिच्या समोरच ते उचलणाऱ्यांच्या पगाराची रक्कम लिही, आणि त्यांच्या राहण्यासाठी काय खर्च केला तेही. खर्च शून्य असेल तर शून्यच लिही, ती जागा रिकामी सोडू नकोस.

तुझ्या वह्या १९२७ पर्यंतच्या आहेत, म्हणून महाडचं उदाहरण समोर ठेव असं मुद्दाम सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारने तो खात्यांना आणि स्थानिक संस्थांना कळवला. महाड म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ ला ठराव केला की अस्पृश्यांनी चवदार तळं वापरायला म्युनिसिपालिटीची हरकत नाही. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द बघ. कोणी काय करायचं, अडवणाऱ्याला कोण रोखणार, तळ्यावर शिपाई उभा राहणार का, यातलं काहीच त्या दोन शब्दांत येत नाही. तीन वर्षं ठराव वहीत राहिला आणि तळं होतं तसंच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं, तेव्हा त्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली. ती नगरपालिकेने केली नाही, लोकांनी केली, आणि त्यासाठी मार खाल्ला. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, म्युनिसिपालिटीने आपला ठराव रद्द केला. पुढे महाडच्या काही सवर्णांनी लावलेला दावा चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची फार प्राचीन रूढी होती हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही.

बोले ठरावाचं परिपत्रक इतर म्युनिसिपालिट्यांनाही गेलं होतं. म्हणून आपल्या गावच्या वहीत सप्टेंबर १९२३ नंतरची पानं एकेक करून उलट. ते पत्र सभेपुढे ठेवलं का, ठेवलं असेल तर खाली काय शेरा आहे, ‘दप्तरी दाखल’ की आणखी काही? ५ ऑगस्ट १९२६ ला कौन्सिलात पुन्हा ठराव झाला, की हे न पाळणाऱ्या संस्थांची सरकारी ग्रँट बंद करावी. त्यानंतरच्या दोन-तीन सभाही बघ. काही न सापडल्यास कोणत्या तारखांची पानं पाहिली ते लिहून ठेव, म्हणजे तुझ्यानंतर बघणाऱ्याला तेच दप्तर पुन्हा चाळावं लागणार नाही. सापडलं तर पानाचा फोटो घे, हजेरीच्या यादीसकट, आणि मला लगेच पाठव.

तुझा,
मोहन

ता. क. जकातीच्या दरपत्रकात ‘दर मणास’ असं असेल तर आधी कोणता मण ते ठरव. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेचा, म्हणजे बंगाली मण, ८२ पौंडांहून थोडा जास्त. जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. आणि आण्यांची बेरीज करताना १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा हे विसरू नकोस. काही पानं मोडीत असतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, तेव्हा आडनावं एकट्याने ठरवू नकोस, गावातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून वाच.