भ्रूण मुंबईत, औषधं कोकणात : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

सरोगसी (नियमन) कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. तेव्हापासून त्यावर बोलणं झालं ते बहुतेक पैशाचं आणि कोर्टकचेरीचं. आम्ही लिहितोय ते त्यातल्या रोजच्या कामाबद्दल. दुसऱ्याचं मूल पोटात वाढवायला तयार झालेली बाई गुहागर, राजापूर, देवगड किंवा वेंगुर्ल्याला आपल्या घरी असते. मुंबईच्या क्लिनिकमध्ये, जोडप्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेलं भ्रूण तिच्या गर्भाशयात सोडायचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. त्याआधीचे तीनेक आठवडे आणि नंतरचे आठ-दहा आठवडे औषधं चालतात ती तिच्या घरी, आणि चुकतं तेही बहुतेक तिथेच. या सगळ्या काळात सरकारी दवाखान्याच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये ती नसते.

आधी कागदांचं. सरोगेट होणारी बाई विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली आणि भ्रूण सोडण्याच्या दिवशी 25 ते 35 वर्षांची हवी. आयुष्यात एकदाच, आणि प्रयत्न जास्तीत जास्त तीन. ती जवळची नातेवाईकच हवी, असं अजूनही जोडप्यांना सांगितलं जातं. ती अट 2019 च्या विधेयकात होती. मंजूर झालेल्या कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ एवढंच आहे. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश आणि सरोगेटच्या नावे 36 महिन्यांचा विमा, एवढं हातात आल्याशिवाय एकही गोळी सुरू करू नये. तरी केली जाते. ‘आदेश पुढच्या आठवड्यात मिळेलच’ म्हणून गोळ्या सुरू होतात, तारीख पुढे जाते, गोळ्या बंद कराव्या लागतात, रक्तस्राव होतो आणि महिना फुकट जातो. चौतिसाव्या वर्षी तयार झालेल्या बाईच्या बाबतीत असे तीन-चार महिने गेले की विषयच संपला. जिल्हा मंडळात अध्यक्ष म्हणून सिव्हिल सर्जन, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. तिघंही त्याच रुग्णालयाच्या आवारात भेटणारी माणसं. महिन्यातले दोन दिवस ठरवून द्या आणि ते फलकावर लावा. नकार असेल तर कारणासह लेखी द्या.

शरीराची तयारी गोळ्यांच्याही दोन महिने आधी सुरू व्हायला हवी. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोह देऊन आधी ते वर आणायचं. थायरॉइड, साखर, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), रक्तगट, थॅलेसेमियासाठी एचबी इलेक्ट्रोफोरेसिस, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी). सिझेरियन झालं असेल तर किती आणि टाका कसा आहे. फॉलिक ॲसिड तेव्हाच सुरू करायचं. यातलं बहुतेक काम उपजिल्हा रुग्णालयात करण्यासारखं आहे. मशेरीचं मात्र मुद्दाम विचारावं लागतं. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर येतं आणि फॉर्मवर तेच लिहिलं जातं. ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असं विचारलं तरच खरं कळतं.

तांबी असेल तर ती आधी काढायची. याउलट कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून आपण बाद, असं समजून बायका मागे हटतात. ते चुकीचं आहे. भ्रूण थेट गर्भाशयात सोडतात, नळ्यांचा त्यात संबंध येत नाही. उलट ऑपरेशन झालेलं असलं तर एक काळजी कमी होते. न झालेल्या बाईने त्या पाळीपासून गर्भचाचणीपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा, कारण गोळ्यांनी बीज सुटणं दर वेळी थांबतंच असं नाही, आणि मग मूल कोणाचं हा प्रश्न उभा राहतो. नवरा मुंबईला नोकरीला आणि गणपतीला घरी येणार असेल तर हे दोघांनाही, आडपडदा न ठेवता, आधीच सांगावं लागतं. कोणी सांगत नाही.

आता मुख्य औषधांकडे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर पातळ आहे आणि बीजकोषात गाठ नाही हे पाहतात. मग इस्ट्रॅडिओल व्हॅलरेट (अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन), बहुधा 2 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. अस्तर 7 मिलिमीटर किंवा जास्त आणि तीन रेघांचं दिसायला हवं. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) 1.5 नॅनोग्रॅमच्या आत हवं, जास्त असेल तर बीज आधीच सुटलं असण्याची शक्यता. साडेसहा मिलिमीटर भरलं म्हणून घाबरायचं कारण नाही, गोळ्या चार-पाच दिवस वाढवतात. गर्भाशयाच्या पोकळीत पाणी दिसलं तर मात्र ती पाळी सोडून देणंच बरं.

या दुसऱ्या सोनोग्राफीतून क्लिनिकला हव्या असतात तीन गोष्टी : जाडी, रेघा आणि पाणी आहे की नाही. योनीमार्गाचा प्रोब असलेलं मशीन आणि मोजायची सवय असलेला डॉक्टर असला की दहा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी मालवणची बाई पाचशेच्या आसपास किलोमीटर मुंबईला जाते आणि परत येते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे हे मोजून, चित्रासह क्लिनिकला पाठवायची सोय आदेश काढला तर लगेच होईल. आणखी एक फायदा आहे. पाळी नियमित असलेल्या बाईला गोळ्यांऐवजी तिच्या नैसर्गिक पाळीतही भ्रूण सोडता येतं. त्यात औषधं कमी लागतात आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका गोळ्यांच्या पद्धतीपेक्षा कमी दिसतो. पण बीज सुटण्याच्या सुमारास दिवसाआड सोनोग्राफी लागते. ती जवळ होत नाही, म्हणून कोकणातल्या बाईपुढे हा पर्याय कोणी ठेवतच नाही.

अस्तर तयार झाल्यावर द्यायचं प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की वेळेचा हिशोब बदलतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या दोन-चार दिवस लांबवता येतात. प्रोजेस्टेरॉनचं घड्याळ एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. पाच दिवसांचं भ्रूण प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस, म्हणजे साधारण 120 तास, झाल्यावर सोडतात. अस्तर भ्रूण धरून ठेवण्याच्या स्थितीत थोडाच काळ असतं, म्हणून ‘एक दिवस उशिरा आलो तर चालेल का?’ याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये करूळ, फोंडा किंवा आंबा घाटात दरड आली, कोकण रेल्वे अडली, की सगळं इथे अडकतं. म्हणून पावसाळ्यात पहिला डोस देण्याआधी हवामान खात्याचा पुढच्या पाच-सहा दिवसांचा इशारा पाहावा आणि बाईने ट्रान्सफरच्या (भ्रूण सोडण्याच्या) दोन दिवस आधीच शहरात पोहोचावं. रस्ता बंदच झाला तर भ्रूण वितळवायचंच नाही. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ते आणखी महिनाभर राहिलं म्हणून बिघडत नाही. इथे आमची एक नेमकी मागणी आहे : भ्रूण न सोडताच रद्द झालेली पाळी तीन प्रयत्नांत धरायची की नाही, हे केंद्र सरकारकडून लेखी स्पष्ट करून घ्या. ते स्पष्ट नसल्याने एखादा प्रयत्न ‘वाया जाऊ नये’ म्हणून अस्तर धड नसतानाही भ्रूण सोडण्याचा मोह होतो.

प्रोजेस्टेरॉन योनीमार्गे देतात, बहुधा 400 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, किंवा तेलातलं इंजेक्शन रोज 50 ते 100 मिलिग्रॅम. गोळ्यांच्या पद्धतीत बाईचं स्वतःचं बीज सुटलेलं नसतं, त्यामुळे बीजकोषातून एरवी मिळणारं प्रोजेस्टेरॉन तिला अजिबात मिळत नाही. वार (प्लासेंटा) स्वतः ते बनवू लागेपर्यंत, म्हणजे दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, सगळी भिस्त बाहेरच्या औषधावर असते. हे 56 ते 70 दिवस होतात. इंजेक्शन घट्ट तेलाचं. 22 नंबरची दीड इंची सुई, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, अँप्यूल आधी मुठीत कोमट करून, सावकाश. घाईने किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा दिलं की गाठी येतात, निगा चुकली तर गळू होतं. शेंगदाणा किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर औषध कोणत्या तेलात आहे हे वेष्टनावर वाचायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी कोणीतरी देतं. रविवारी आणि संध्याकाळी ‘बाहेरच्या डॉक्टरचं औषध आम्ही देत नाही’ असं ऐकावं लागतं. त्या सिस्टरचंही चुकत नाही. तिच्याकडे तसा आदेशच नाही. तो द्या.

औषधाच्या दुकानात होणारा घोटाळा याहून गंभीर. तेलातलं प्रोजेस्टेरॉन संपलं की त्याच्या जागी हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट दिलं जातं, नाव सारखं म्हणून. ते वेगळं औषध आहे, आठवड्याला देतात, आणि इथे ते त्या इंजेक्शनची जागा घेत नाही. औषध बदललंय हे कळतं तेव्हा रक्तस्राव सुरू झालेला असतो. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्यातल्या दुकानांना एक साधी सूचना काढली तरी हे टळेल. योनीमार्गाच्या औषधांबद्दलही एक. मेणासारखा आधार असलेल्या वड्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात फळीवर ठेवल्या की वितळतात. वेष्टनावरचं तापमान वाचून माठाशेजारी, सावलीत ठेवाव्यात. पांढरा स्राव जातो तो औषधाचाच असतो; त्यासाठी आतून धुऊ नये.

ट्रान्सफरबद्दल थोडक्यात. मूत्राशय भरलेलं, पोटावरून सोनोग्राफी, मऊ नळीने भ्रूण गर्भाशयाच्या वरच्या भिंतीपासून साधारण सेंटिमीटरभर अंतरावर सोडतात आणि नळीत भ्रूण राहिलं नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नियमानुसार एका वेळी एकच भ्रूण. अपवादात्मक परिस्थितीतच तीनपर्यंत. ‘एकदाच संधी आहे, दोन सोडा’ असा आग्रह होतो. तो मानू नये. जुळ्यांचं बाळंतपण ती बाई निस्तरते, आग्रह करणारे नव्हेत. नंतर झोपून राहिल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि एसटीच्या धक्क्याने भ्रूण पडत नाही. पपई खाल्ली, विहिरीवर गेली म्हणून तिच्यावर खापर फोडणाऱ्यांना हे आशाताईंनी घरी जाऊन सांगायला हवं.

ट्रान्सफरनंतर दहा-बारा दिवसांनी रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याचं सांगणारं संप्रेरक), आकड्यासह. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून भागत नाही. 48 तासांनी त्याच लॅबमध्ये परत, कारण लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत. सुरुवातीला आकडा दोन दिवसांत निदान निम्म्याने वाढायला हवा. मध्ये डाग दिसले तरी चाचणीआधी औषधं बंद करायची नाहीत. आकडा रेंगाळला, एका बाजूला पोटात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली, तर गर्भ नळीत आहे असं धरून चालायचं. नसबंदी झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं. रक्तपेढी असलेल्या रुग्णालयापर्यंत 108 ची गाडी किती वेळात पोहोचवेल, हे गाव ठरल्यावर लगेच पाहून ठेवायचं.

पुढे ती उपकेंद्रात नोंदणीला येते आणि माता-बाल कार्डावर दोन चुका हमखास होतात. पहिली तारखेची. एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) पाळीच्या तारखेवरून दिवस मोजते. गोळ्या पाच दिवस वाढवल्या असतील तर हिशोब पाच दिवसांनी चुकतो आणि शेवटी ‘दिवस उलटले’ म्हणून उगाच कळा आणण्याची वेळ येते. पाच दिवसांच्या भ्रूणासाठी ट्रान्सफरच्या तारखेत 261 दिवस मिळवायचे, बस्स. दुसरी रक्तगटाची. बाई आरएच निगेटिव्ह निघाली की नवऱ्याचा गट विचारतात. इथे त्याचा काही संबंध नाही. ज्यांच्या स्त्रीबीजापासून आणि शुक्रजंतूपासून भ्रूण झालं त्या दोघांचे गट पाहून अँटी-डी (आरएच निगेटिव्ह आईला देतात ते इंजेक्शन) ठरवायचं. ही माहिती क्लिनिककडून एका पानाच्या मराठी चिठ्ठीत यायला हवी, आणि त्या चिठ्ठीचा नमुना आपल्या खात्याने ठरवून द्यायला हवा. बाळाचे कायदेशीर पालक कोण, हेही त्याच पानावर, म्हणजे जन्मनोंदीच्या वेळी घोळ होणार नाही.

संमतीबद्दल कायदा स्वच्छ आहे : तिला समजणाऱ्या भाषेत, लेखी, आणि भ्रूण सोडेपर्यंत ती माघार घेऊ शकते. पण सरोगेट बहुधा घरातलीच असते, जाऊ किंवा नणंद. सासू-दीर समोर बसलेले असताना ‘वहिनी, तुमची तयारी आहे ना?’ असं विचारून मिळालेला होकार आम्ही संमती धरत नाही. पहिल्या गोळीआधी एकदा आणि प्रोजेस्टेरॉनआधी पुन्हा एकदा, जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाने तिला एकटीला भेटावं. ती नाही म्हणाली तर घरी ‘वैद्यकीय कारणाने थांबवलं’ एवढंच सांगितलं जावं.

पैशाचं शेवटी. व्यावसायिक सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्या धाकाने एसटीचं भाडं द्यायलाही जोडपी बिचकतात. केंद्र सरकारी नोकरीतल्या सरोगेटला 2024 पासून 180 दिवसांची रजा मिळू शकते. काजूच्या कारखान्यात किंवा मासळी सुकवायला जाणाऱ्या बाईला रजा कसली? प्रवास, शहरातला मुक्काम, सोबतीचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांतलं काय पावतीवर देता येतं, याची यादी विधी खात्याकडून तपासून जाहीर करा.

परिपत्रक काढाल तर ते जिल्हा रुग्णालयाच्या फायलीत थांबू देऊ नका. इंजेक्शन देणारी सिस्टर आणि कार्ड भरणारी एएनएम उपकेंद्रात बसते. तिच्या टेबलावर त्याची एक प्रत, 261 दिवसांच्या हिशोबासह, पोहोचेल अशी तजवीज करा.

आपले,
कोकणात स्त्रीरोग व वंध्यत्व उपचारांचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक