सूचना : क्लॅटची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणारी मुले, नवे वकील आणि पालक यांच्यासाठी

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता राजवाड्याजवळच्या आपल्या नेहमीच्या खोलीत सगळ्यांनी जमावे. बारावीतल्या मुलांनी घड्याळ लावून सोडवलेली एक सराव प्रश्नपत्रिका आणावी. क्लॅटमध्ये 2 तासांत 120 प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम मिनिटभर, आणि त्यातच लांबलचक उतारे वाचायचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. म्हणून रोज अग्रलेख वाचा, मोठ्याने नव्हे, मनातल्या मनात, आणि लेखकाचा मुद्दा एका ओळीत लिहून काढा. पाठांतरापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

मूळ निवासी दाखला आत्ताच लोकसेवा केंद्रातून काढून ठेवा. भोपाळ आणि जबलपूरच्या विधी विद्यापीठांत मध्य प्रदेशच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. दाखल्यापायी जागा हातची जाऊ देऊ नका.

नव्या वकिलांनी घरातली जुनी पुस्तके जपून वापरावीत. जुन्या भारतीय दंड संहितेतले खुनाच्या शिक्षेचे कलम 302 आता भारतीय न्याय संहितेत 103 आहे. ही नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात, तेव्हा दोन्ही हाताशी हवीत. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, कायद्यात ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलला घेता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निकाल आहे. कोणी मागितलेच तर आधी पावती मागा आणि गटातल्या ज्येष्ठांना कळवा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे, म्हणजे खुर्च्या मांडता येतील.