वहिनी, तुम्ही इलेक्ट्रॉन मोजायला लावलेत

वहिनी,

गणपतीला चार दिवस देवगडला आलात आणि त्यातली एक अख्खी दुपार तुमची माझ्या लॅपटॉपपाशी गेली. मी नुसतं "सुटलं एकदाचं" म्हणालो आणि जेवायला उठलो. आभार राहिलेच. प्रबंधातलं ते प्रकरण परवा लिहून संपलं, म्हणून आता चारचौघांत मांडतो.

वाचणाऱ्यांपैकी सगळेच रसायनवाले नसतील. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करताना ऑर्बिटलचा (इलेक्ट्रॉन जिथे सापडू शकतो त्या जागेचा) आकार थेट मांडता येत नाही, तो ठरावीक फलनांच्या बेरजेतून उभा करतात. त्या फलनांचा संच म्हणजे बेसिस सेट. त्यासाठी गॉसियन फलनं वापरायची वाट बॉईज यांनी १९५० साली दाखवली. आपल्याकडे गोल विहीर सरळ चिऱ्यांनीच बांधतात ना, तसं. चिरे लहान आणि जास्त लावले तर गोलाई नीट येते, पण खर्चही वाढतो.

माझा रेणू आयोडोबेन्झीन. (आयोडीन कुर्त्वा यांना १८११ साली समुद्री शेवाळाच्या राखेत सापडलं. खडपावरचं शेवाळ बघितलं की आई अजून विचारते, "हेच का रे तुझं?") ६-३१जी-स्टार हा संच क्रिप्टॉनपाशी, ३६व्या मूलद्रव्याला संपतो आणि आयोडीन आहे ५३वं. म्हणून कार्बन-हायड्रोजनला तो ठेवला, आयोडीनसाठी डेफ२-एसव्हीपी या दुसऱ्या संचाची फलनं उतरवून घेतली आणि गॉसियन नावाच्या प्रोग्रॅममध्ये 'जेन' (म्हणजे संच मीच देतोय) लिहून सगळं खाली चिकटवलं. प्रोग्रॅमने तक्रार केली नाही. रात्रभर ऊर्जा मात्र हेलकावे खात राहिली. मी आधी लाईटला दोष दिला, मग लॅपटॉपला.

तुम्ही अळू चिरता चिरता उठून आलात आणि एवढंच विचारलंत, "भावोजी, त्याने इलेक्ट्रॉन किती धरलेत?" आउटपुटमध्ये ४७ अल्फा, ४७ बीटा (इलेक्ट्रॉनच्या दोन उलट फिरक्या). "म्हणजे ९४. मग ईसीपी कुठाय?"

डेफ२ संचात आयोडीनचे आतले २८ इलेक्ट्रॉन एका परिणामी विभवावर, म्हणजे त्या ईसीपीवर, सोपवलेले असतात. फलनं असतात ती उरलेल्या २५ साठी. मी फलनं उचलली आणि विभवाचा तुकडा तिथेच राहिला. २५ पानांची पंगत मांडून ५३ जणांना बसवलं होतं! कळफलकाला तुम्ही हात लावला नाहीत. 'जेन'चं 'जेनईसीपी' मीच केलं, फलनांनंतर एक ओळ कोरी सोडून विभव लिहिलं, आणि शेवटची कोरी ओळ विसरलो तेव्हा तुम्ही नुसता घसा खाकरलात. मग ३३ आणि ३३ आले. एकूण ६६.

खरे आभार मात्र दुसऱ्या चुकीचे, कारण ती मला कधीच सापडली नसती. तुलनेसाठी नुसत्या बेन्झीनचं गणित मी आधीच केलं होतं, संचाचं नाव थेट लिहून. तुम्ही दोन्हीकडची फलनं मोजायला लावलीत. थेट नावाने ६-३१जी-स्टारला प्रत्येक कार्बनवर सहा डी-फलनं (आकाराला लवचीकपणा देणारी जादा फलनं) मिळतात, 'जेन'मध्ये आपोआप पाचच. बेन्झीनला एकीकडे १०२ फलनं, दुसरीकडे ९६. अशा वेगळ्या मापांनी आलेल्या बेन्झीन आणि आयोडोबेन्झीनच्या ऊर्जांची वजाबाकी मी बिनदिक्कत तक्त्यात टाकली होती! "सगळीकडे ५डी (म्हणजे पाचच डी-फलनं) लिहा आणि पुन्हा चालवा," म्हणालात. शिवाय, "मुळात सरमिसळ कशाला? सगळ्याच अणूंना डेफ२ द्या की." पटलं होतं, पण आधीचे आकडे जुन्या संचातले होते म्हणून सरमिसळ ठेवली. पुढच्या रेणूला तुमचंच ऐकलंय.

कार्बन-आयोडीन बंध २.१ अँगस्ट्रॉमच्या आसपास आला, प्रयोगात मिळतो तसाच. त्या दुपारी तुमच्या वाटणीचं अळू काकूने चिरलं, त्यावरून ती अजून मला बोलते.

आमसुलं आणि फणसपोळी दादाबरोबर पाठवतोय. डब्यात कुळथाचं पीठही आहे, ते आईकडून.

तुमचा धाकटा दीर