बॉयलर तपासला जातो, हॉट एअर जनरेटर नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात बॉयलर असला की त्याची दरवर्षी तपासणी होते, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, चालवायला प्रमाणित अटेंडंट लागतो. शेजारच्याच शेडमध्ये पावडर कोटिंगच्या ओव्हनला किंवा कापड वाळवण्याच्या यंत्राला गरम हवा पुरवणारा डिझेलवरचा किंवा गॅसवरचा हॉट एअर जनरेटर असतो. त्यात वाफ नाही, दाब नाही, म्हणून तो बॉयलर कायद्यात बसत नाही आणि बॉयलर निरीक्षक त्याच्याकडे फिरकत नाहीत. आग मात्र तेवढीच असते, अनेकदा बर्नरही त्याच बनावटीचा असतो. भोसरी-चाकणपासून इचलकरंजीपर्यंत अशी यंत्रे सर्रास वापरात आहेत आणि पावसाळ्यात ती जास्त धोकादायक होतात. त्याबद्दल हे पत्र.

पाऊस आत येतो म्हणून शेडची लूव्हर (हवा येण्यासाठीच्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपा) ताडपत्रीने झाकली जातात, शटर खाली ओढले जाते. बर्नरला हवा किती लागते याचा हिशेब मात्र कोणी करत नाही. ताशी दोन लाख किलोकॅलरीचे यंत्र घ्या. कार्यक्षमता 85 टक्के धरली तर त्याला तासाला सुमारे 23 किलो, म्हणजे 27-28 लिटर डिझेल लागते. 20 टक्के जादा हवा धरून तेवढे डिझेल नीट जळायला तासाला सुमारे 310 घनमीटर हवा हवी. ती सेकंदाला एक मीटरच्या आतल्या वेगाने यायची, तर केवळ बर्नरसाठी जवळजवळ एक चौरस फूट मोकळी जागा लागते. जाळी आणि लूव्हरच्या पट्ट्या धरून दोन चौरस फूट ठेवावी. आता त्याच शेडमधला 18 इंची एक्झॉस्ट पंखा पाहा. तो तासाला चार-पाच हजार घनमीटर हवा बाहेर फेकतो. दारे बंद असली की त्याच्या ओढीपुढे बर्नरच्या छोट्या पंख्याचे काही चालत नाही. ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. कामगारांचे डोके दुखू लागले तर दोष रंगाच्या वासाला दिला जातो. बर्नर सुरू करण्याआधी सगळे पंखे लावून, दारे बंद करून दाराच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरा. ती जोरात आत ओढली गेली तर शेडमध्ये हवेची तूट आहे. बर्नरसाठी बाहेरून वेगळा डक्ट आणणे हा उत्तम उपाय. डक्टचे तोंड ग्रीस काढण्याच्या टाकीजवळ मात्र ठेवू नये. ट्रायक्लोरोएथिलीनची वाफ ज्योतीतून गेली की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. फॉस्जीनसारखा विषारी वायूही तयार होऊ शकतो. शिवाय हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग, काही महिन्यांत गंजतो.

दुसरा विषय जंपरचा, म्हणजे सुरक्षेचा स्विच वगळण्यासाठी परस्पर जोडलेल्या वायरचा. बर्नर वारंवार लॉकआउटला जातो (कंट्रोलर तो बंद पाडतो आणि रीसेट केल्याशिवाय सुरू होऊ देत नाही), उत्पादन अडते, मग कोणीतरी एअर प्रेशर स्विच (हवा कमी पडली की बर्नर थांबवणारा) किंवा लिमिट थर्मोस्टॅट (तापमान फार वाढले की थांबवणारा) वायर जोडून ‘डायरेक्ट’ करतो. ‘तात्पुरता’ म्हणून लावलेला जंपर पुढच्या दिवाळीलाही तिथेच सापडतो. एअर प्रेशर स्विच का पडतो याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: पंख्याच्या पात्यांवर कापसाची रुई बसलेली, सिलिकॉनची नळी चिरलेली, पट्टा सैल झालेला. आणखी एक कारण सहसा सुचत नाही. ट्रान्सफॉर्मरचे काम झाल्यावर कधी थ्री-फेज विजेचे फेज उलटे जोडले जातात आणि मोटर उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने देतो, फक्त बरीच कमी. पंखा चालू दिसतो, हवाही येते, म्हणून फेजचा संशय कोणालाच येत नाही आणि स्विच खराब ठरतो. फेजचा क्रम चुकला तर मोटर सुरू न होऊ देणारा फेज सिक्वेन्स रिले काही फार महाग नसतो. तो बसवा आणि प्रत्येक वीजदुरुस्तीनंतर ब्लोअर बाणाच्या दिशेने फिरतो ना, एवढे पाहा.

रीसेटचे बटण वारंवार दाबणे हे तर सर्वांत धोक्याचे. डिझेल बर्नर पेटला नाही तरी प्रत्येक प्रयत्नात नोझल काही सेकंद तेल फवारतेच. चारपाचदा रीसेट केला की ते तेल तापलेल्या चेंबरच्या तळाशी साचून त्याची वाफ होते आणि पुढच्या ठिणगीला सगळे एकदम पेटते. चेंबरचे झाकण उडते ते अशा वेळी. रीसेट फार तर दोनदा. मग बर्नर बंद, चेंबर गार होऊ द्यायचा, साचलेले तेल पुसून काढायचे आणि मगच कारण शोधायचे. ते बहुधा नोझलमध्ये असते, ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडमध्ये असते किंवा टाकीतल्या पाण्यात. इलेक्ट्रोडच्या टोकांतले अंतर साधारण तीन-चार मिलिमीटर असते; नेमका आकडा बर्नरच्या पुस्तिकेत पाहावा. नोझलचे छिद्र तारेने कोरू नये, नोझल बदलावे, आणि तेही त्याच मापाचे व त्याच कोनाचे. नोझलवर तासाला किती तेल जाते याचा गॅलनमधला आकडा असतो; तो 7 बार दाबासाठी असतो. पंप 10 बारला लावला असेल तर तेल सुमारे 20 टक्के जास्त जाते. हे न कळल्याने मोठे नोझल बसवून धूर काढणारे पुष्कळ आहेत.

बर्नरचा कंट्रोलर पेटवण्याआधी साधारण अर्धा-एक मिनिट हवा मारतो. चेंबर आणि चिमणीपुरते ते ठीक आहे, मात्र त्या वेळात त्यांच्या घनफळाच्या निदान चौपट हवा गेली पाहिजे. पण गॅसची ज्योत थेट ओव्हनच्या हवेत असेल तर हिशेब पूर्ण ओव्हनचा करावा लागतो. सहा मीटर लांब, दोन रुंद, अडीच उंच ओव्हन म्हणजे 30 घनमीटर, चौपट म्हणजे 120. एक्झॉस्ट ब्लोअर तासाला 600 घनमीटरचा असेल तर त्याला 12 मिनिटे लागतात. त्यासाठी वेगळा टायमर हवा. तो पूर्ण झाल्याशिवाय बर्नरला वीज मिळता कामा नये.

पिंपरी-चिंचवड, चाकणकडे एलपीजीवरून पाइपच्या नैसर्गिक गॅसवर जाणाऱ्यांनी विशेष जपावे. एका घनमीटर नैसर्गिक गॅसमध्ये साधारण साडेआठ हजार किलोकॅलरी असतात, प्रोपेनमध्ये सुमारे 22 हजार. म्हणून जेट (गॅस सोडणारे छिद्र), रेग्युलेटरची स्प्रिंग, प्रेशर स्विचची सेटिंग, हवेचे डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) सगळे बदलते. आणि गॅस डिटेक्टरची जागाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो जमिनीलगत आणि गटारात साचतो. नैसर्गिक गॅस हलका, तो पत्र्याखाली साचतो. इंधन बदलले पण डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवरच राहिला, तर त्याचा काही उपयोग नाही.

एलपीजी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. वरच्या दोन लाखांच्या यंत्राला तासाला 21 किलो एलपीजी लागतो, आणि 19 किलोच्या एका सिलिंडरमधून नैसर्गिकरीत्या तासाला जेमतेम एखादा किलो वाफ निघते. जास्त ओढली की सिलिंडरवर बर्फ धरतो, दाब पडतो. मग त्यावर गरम पाणी ओतणे, खाली शेगडी ठेवणे असे प्रकार होतात. उपाय व्हेपरायझर, म्हणजे द्रव एलपीजी तापवून त्याची वाफ करणारे उपकरण, हाच. सिलिंडरांतला साठा एका वेळी 100 किलोच्या वर गेला की परवाना लागतो. तो देणाऱ्या ‘पेसो’चे (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय नागपूरलाच आहे. डिझेलला 2500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही. अट एवढीच की कोणतेही पिंप वा टाकी 1000 लिटरपेक्षा मोठी नसावी.

हीट एक्स्चेंजरला तडे जाण्याचे कारण बहुतेक वेळा पाळी संपताना घडते. ऑपरेटर बर्नरसोबत मेन स्विचही पाडतो. चेंबर लालबुंद आणि हवा बंद, मग वेल्ड उसवतात. बर्नर बंद झाल्यावर मुख्य ब्लोअर चेंबर 50-60 अंशांवर येईपर्यंत चालला पाहिजे. वीज गेली तरीही, म्हणून ब्लोअर जनित्रावर हवा. तडा ओळखायची सोपी खूण: बर्नर चालू असताना मुख्य ब्लोअर सुरू होतो त्या क्षणी काचेतून ज्योत पाहा. ती थरथरली, वाकली, तर तडा आहे असे धरून चाला. ब्लोअर हवा ढकलणारा असेल तर ती ज्योतीत घुसते. ओढणारा असेल तर धूर हवेत मिसळून मालावर आणि माणसांवर जातो.

देखभालीसाठी फार वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा डिझेल बर्नर चालू असताना ज्योत ओळखणारा फोटोसेल काढून झाका, गॅस बर्नरचा हाताचा कॉक बंद करा. एक-दोन सेकंदांत इंधनाचे व्हॉल्व्ह बंद व्हायलाच हवेत. 24 तास अखंड चालणाऱ्या यंत्राला स्वतःची तपासणी करणारा यूव्ही सेल (ज्योतीची अतिनील किरणे ओळखणारा) घ्या, कारण जुना झालेला साधा सेल ज्योत नसतानाही ‘आहे’ म्हणतो. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावा. गळतीच्या दाबचाचणीत हवा किंवा नायट्रोजन वापरा, ऑक्सिजन कदापि नाही. गॅसच्या वाटेवरच्या दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या) व्हॉल्व्हच्या मधल्या निपलला नळी लावून टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा. बर्नर बंद असताना बुडबुडे आले तर पहिला व्हॉल्व्ह गळतो आहे. वर्षातून दोनदा धुराची मोजणी करा. ऑक्सिजन तीन ते पाच टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आत असावा.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी कारखान्याला भेट देताना अशा प्रत्येक यंत्राचे दोन कागद मागावेत: ज्योत-चाचणीची आठवड्याची नोंद आणि धुराच्या शेवटच्या मोजणीची पावती. त्यानंतर पॅनेलचे दार उघडून जंपर पाहावेत. उद्योजक संघटनांनीही पावसाळ्याआधी सभासदांकडून हेच कागद मागवून घ्यावेत.

आपले,
औद्योगिक बर्नरची देखभाल करणारे तंत्रज्ञ, पिंपरी-चिंचवड