एक्स्चेंज निवडताना नुसता पोर्टचा दर पाहू नका

महोदय,
मुंबईत एकाहून अधिक इंटरनेट एक्स्चेंज (पुरवठादार आपसात थेट वाहतुकीची देवाणघेवाण करतात ती केंद्रे) आहेत, तरी छोटे इंटरनेट पुरवठादार बहुधा पोर्टचा (एक्स्चेंजच्या स्विचवरील जोडणीच्या जागेचा) दर पाहूनच जोडणी घेतात. राउट सर्व्हर (सदस्यांचे मार्ग एकमेकांना कळवणारे सर्व्हर) दोन आहेत का, ते आरपीकेआय-अवैध (जाहीर करणाऱ्याच्या हक्काच्या पडताळणीत न टिकलेले) मार्ग गाळतात का, एका पोर्टवर एकच मॅक पत्ता (उपकरणाची हार्डवेअर ओळख) चालतो का, हे आधी विचारा. मॅकची अट नसेल तर एका सदस्याच्या लूपने (तीच वाहतूक गोल फिरत राहिल्याने) सगळ्यांचीच वाहतूक कोलमडू शकते.

त्याहून महत्त्वाची देखभालीची पद्धत. स्विचला हात लावण्याआधी एक्स्चेंजच्या चालकाने बीजीपी (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) ज्यावर चालतो ते टीसीपी पोर्ट 179 अडवून त्याची सत्रे उतरू द्यावीत. नाहीतर पलीकडच्या सदस्याला आपली लिंक चालूच दिसते आणि होल्ड टायमर (संदेश न आल्यास सत्र तुटले असे मानण्याची मुदत) संपेपर्यंत, अनेक राउटरांवर 90 ते 180 सेकंद, ग्राहकांची पॅकेटे वाया जातात. ही पद्धत करारात लेखी मागा.

– एक नेटवर्क अभियंता, ठाणे