दुकान कधी बंद करायचं ते दुकानदाराला ठरवू द्या

संपादक महोदय,
दुकानं २४ तास उघडी ठेवण्याबद्दल राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो जीआर काढला, त्याला विरोध करणारं पत्र तुमच्याकडे वाचलं आणि ते अजिबात पटलं नाही. मुळात ही सूट नवीन नाहीये, २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच ती होती, तरी पोलीस आणि स्थानिक यंत्रणा रात्री शटर खाली ओढायला लावतात अशा तक्रारी येत राहिल्या म्हणून सरकारला तेच परत लेखी सांगावं लागलं!

ऐरोली, महापेच्या आयटी कंपन्यांतली पोरं पहाटे सुटतात, ठाणे स्टेशनला शेवटच्या लोकलने माणसं उतरतात, त्यांना खायला, औषधाला दुकान लागतं की नाही? गिऱ्हाईक असेल तर दुकान चालेल, नसेल तर मालक स्वतःच कुलूप लावेल, कारण लाइटबिल आणि पगार त्याच्या खिशातून जातो आणि हा हिशोब त्याला कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतो. जीआर परवानगी देतो, सक्ती नाही करत.

कामगारांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. पण प्रत्येकाला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायचं बंधन आहेच, आणि दारूची दुकानं, बार तर यातून वगळलेलेच आहेत. ती सुट्टी खरंच मिळते का हे कामगार खात्याने जाऊन बघावं. आणि ठाणे, नवी मुंबईतल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हा जीआर भिंतीवर लावा, प्लीज.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई