शोतोकानची जन्मकथा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांविषयीच्या आपल्या पुरवणीतील लेखात कराटे ही मूळची भारतीय विद्या असून बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने ती चीनमधील शाओलिन मठात रुजवली व तेथून ती जपानला पोहोचली, असे विधान आहे. माझ्या नातीच्या क्लासमधील बेल्ट-परीक्षेच्या लेखी पेपरातही तेच अपेक्षित होते. ‘कराटेचा जनक कोण?’ या प्रश्नापुढे तिने ‘इतोसू’ लिहिले आणि एक गुण गमावला. गुणाचे दुःख नाही. परंतु तिच्या प्रमाणपत्रावर ज्या शोतोकान शैलीचे नाव ठळक छापले आहे, तिचा खरा इतिहास बराचसा कागदोपत्री उपलब्ध आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आंको इतोसू हे ओकिनावा बेटावरील शुरी गावचे. स्थानिक हातघाईची विद्या आणि चीनमधून आलेले प्रकार यांच्या मिश्रणातून तेथे जे तयार झाले होते, ते तोवर मोजक्या शिष्यांना खासगीत शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसूंनी ते शाळेच्या व्यायामात आणले आणि मुलांना झेपतील असे ‘पिनान’ नावाचे पाच काता (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच) रचले. १९०८ साली त्यांनी लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच ही विद्या बौद्ध किंवा कन्फ्यूशियन पंथातून आलेली नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. बोधिधर्माच्या कथेला याहून जुने आणि घरचे उत्तर कोणते हवे? (शाळकरी मुले अशी तयार झाली तर पुढे सैन्यालाही उपयोग होईल, हेही त्याच पत्रात आहे. ती बाजूही झाकू नये.)

इतोसू आणि आंको आझातो या दोघांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे पेशाने शाळामास्तर होते. त्या नोकरीसाठी त्यांना डोक्यावरचा पारंपरिक बुचडा कापावा लागला आणि त्यावरून घरात मोठी नाराजी झाली. शेंडीवरून झालेले वाद ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीतील पुणेकरांना याचे नवल वाटू नये. १९२२ साली टोकियोतील शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात त्यांनी आपली विद्या दाखवली, ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना कोदोकान या आपल्या ज्यूदो-शाळेत बोलावले आणि ओकिनावाला परत जाण्याचे लांबतच गेले. पांढरा गणवेश आणि पट्ट्यांची श्रेणी ही ज्यूदोकडून घेतलेली. म्हणजे ज्या रंगीत पट्ट्यांसाठी आम्ही पालक आज परीक्षेची फी भरतो, ते कराटेला प्राचीन काळापासून चिकटलेले नाहीत. पुढे केइओसारख्या विद्यापीठांत मंडळे निघाली, तरुणांच्या हाती पवित्रे अधिक खोल व लांब झाले आणि १९४९ साली जपान कराटे असोसिएशन स्थापन झाल्यावर ही शैली जगभर गेली. ‘शोतो’ हे फुनाकोशींचे काव्यलेखनाचे टोपणनाव, अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ. शिष्यांनी बांधलेल्या दोजोवर, म्हणजे सरावगृहावर, ‘शोतोकान’ (शोतोंचे सभागृह) अशी पाटी लागली आणि शैलीला नाव मिळाले ते असे. ती वास्तू १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, नाव मात्र टिकले.

‘कराटे’ या शब्दातील ‘कारा’ पूर्वी चीन या अर्थाच्या अक्षराने लिहीत. त्याच उच्चाराचे ‘रिकामा’ या अर्थाचे अक्षर जपानी राष्ट्रवादाच्या काळात रूढ झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये नाहा येथे ओकिनावाच्या गुरूंनी या बदलावर बैठकीत चर्चा केली, आणि ती बैठक एका वृत्तपत्राने बोलावली होती, हे आपणास आवर्जून कळवावेसे वाटते. याच सुमारास फुनाकोशींनी कातांची नावेही जपानी केली. ‘पिनान’चे ‘हेइआन’ झाले आणि पहिल्या-दुसऱ्या कातांची अदलाबदल झाली. माझी नात गच्चीवर डावीकडे वळून खालचा ब्लॉक घेते, पुढे पाऊल टाकून ठोसा मारते, मग उलट फिरते. तिचा हा ‘हेइआन शोदान’, म्हणजे पहिला काता, इतोसूंच्या क्रमाने दुसरा. हे सांगितल्यावर तिने तो पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, करून पाहिला.

बोधिधर्माची कथा खुद्द फुनाकोशींनीही आपल्या ग्रंथात दिली आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे क्लासचालकांना सरसकट दोष देता येत नाही. परंतु दंतकथा दंतकथा म्हणून सांगणे वेगळे आणि उत्तरपत्रिकेत तिच्यावरून गुण कापणे वेगळे. व्यायामविद्येतील स्वदेशी वारशाचा अभिमान मुलांना द्यायचाच असेल, तर दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट देवधरांचा मल्लखांब आहे. त्यासाठी ओकिनावाच्या मास्तरांचे श्रेय काढून घेण्याची गरज नाही.

आपल्या लेखातील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती. तिचे कात्रण मी क्लासमध्ये नेऊन देईन. नातीची पुढची परीक्षा दिवाळीनंतर आहे.

आपला,
एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे